डावं पॅड

आमच्या ताईला गिऱ्हाइकाचं नाव लक्षात राहत नाही, नाक राहतं. रस्त्यात कुणी हसून नमस्कार केला की ती माझ्या कानाशी पुटपुटते, "कोण गं हे? नाकाचा पूल बसका आहे, उजवा कान खाली आहे, दोनदा चष्म्याची दांडी वाकवून दिलीय. पण कोण?" मग मी नाव सांगायचं आणि तिने हसून चौकशी करायची. इतकी वर्षं आमचं असंच चाललंय.

ताई म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा घरातला जो तो मला काही ना काही शिकवत सुटला होता. ताईने काही शिकवलं नाही, पहिल्याच आठवड्यात दुकानात नेलं आणि हातात बारका स्क्रू ड्रायव्हर दिला. तेव्हापासून चष्म्याचं दुकान आम्ही दोघी बघतो. मागच्या खोलीत भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, मशीनवर काचा घासतात आणि रेडिओ ऐकतात. माझ्या नवऱ्याला या धंद्यात रस नाही, म्हणून त्याच्याविषयी मीही काही लिहीत नाही.

दुकान अरुंद आहे. एका भिंतीला फ्रेमा, दुसऱ्या भिंतीला आरसा, मधे एक फिरती खुर्ची. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ताई समोर स्टूल ओढते आणि पार त्याच्या तोंडाशी तोंड नेते. दोन्ही अंगठ्यांनी कानामागे दांडी चाचपते, मग नाकाचा पूल बघते, मग पॅड. पॅड म्हणजे नाकाच्या दोन्ही बाजूंना टेकतात ती पारदर्शक बटणं. "लोकांना वाटतं चष्मा डोळ्यांचा असतो," ती म्हणते. "तो नाकाचा असतो. नाकाला पटला नाही तर माणूस दिवसभर घरच्यांवर खेकसतो." एवढ्या जवळून अनोळखी माणसाकडे बघायचं आणि त्याला अवघडू द्यायचं नाही, हे येरागबाळ्याचं काम नाही. मला अजून जमत नाही. माझ्यासमोर लोक डोळे मिटून घेतात.

तर झालं असं की ताईच्या स्वतःच्याच नाकावर, डाव्या बाजूला, जिथे पॅड टेकतं बरोबर तिथेच एक बारीकशी पुळी आली. चकचकीत, मोत्यासारखी. मग मधे खपली धरली. खपली पडायची, जरासं रक्त यायचं, पुन्हा धरायची. दुसऱ्या कुणाच्या नाकावर आली असती तर त्याने डॉक्टर गाठला असता. हिने पॅड बदललं.

पुढे सबंध वर्षभर तेच. कडक पॅड काढून मऊ घातलं. मग पॅडचा कोन बदलला. मग वजनाला हलकी फ्रेम घेतली. प्लास्टिकची झाली, धातूची झाली, बिनपॅडची झाली, आणि ती खपली जागची हलेना. मी एकदा म्हटलं, "ताई, डॉक्टरला दाखवू या का?" तर म्हणाली, "नाकाचं तू मला शिकवू नकोस." तिच्या जागी मी असते तरी हेच म्हटलं असतं, कारण आमच्याकडे रोज कुणी ना कुणी असा व्रण घेऊन येतं, आम्ही पॅड बदलतो आणि तो जातो. त्याच दिवसांत एक बसड्रायव्हर उजव्या बाजूला तसाच व्रण घेऊन आला होता. त्यालाही ताईने मऊ पॅड घालून दिलं आणि ठणकावून सांगितलं, "काही नाही हो, घासतंय नुसतं."

मग एक दिवस एक बाई नवी फ्रेम बघायला आल्या. खुर्चीत बसल्या, ताईने स्टूल ओढलं, तोंडाशी तोंड नेलं. ताई त्यांच्या नाकाकडे बघत होती आणि त्या ताईच्या.

"हे कधीपासून आहे?" त्यांनी विचारलं.

"पॅड लागतंय. मान हलवू नका."

"चष्मा काढून ठेवला तरी रक्त येतं?"

ताईचे हात थांबले. येत होतं. रविवारी दुकान बंद असलं की ती दिवसभर चष्मा काढून पडून असते, आणि रविवारीही उशीवर डाग पडत होता. बाई म्हणाल्या, "मी कातडीची डॉक्टर आहे. फ्रेम नंतर घेईन. उद्या तुम्ही माझ्याकडे या."

हॉस्पिटलात त्यांनी तिथला तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. कातडीचा, सहसा शरीरात पसरत नाही असा, पण बसला तिथे पोखरत जाणारा. हे ऐकल्यावर भाऊजींनी रेडिओ बंद केला. मी या घरात आल्यापासून तो दिवसाढवळ्या बंद झालेला मी पाहिला नव्हता, आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

त्याच हॉस्पिटलातल्या सर्जनकडे आम्ही तिघं गेलो. माणूस सभ्य होता, मी उगाच नावं ठेवणार नाही. त्याने ताईच्या नाकावर पेनाने गोल काढला आणि समजावलं, एवढं काढायचं, कपाळावरची कातडी खाली ओढून त्या जागी बसवायची, जुनी खात्रीची पद्धत आहे.

ताईने आरसा मागितला. गोल नीट बघितला. मग विचारलं, "यावर चष्मा बसेल?"

"काकू, आधी जीव बघू या."

"जीव आहे म्हणूनच विचारतेय."

त्याने खरं सांगितलं. ती बाजू जाड होईल किंवा चपटी, पॅड टेकेलच असं सांगता येत नाही. "घरी वापरायला काहीतरी सोय होईल," तो म्हणाला. घरी! ताई उठली. भाऊजी बसूनच राहिले होते, त्यांना मी कोपराने ढोसलं.

परत येताना रिक्षात भाऊजी म्हणाले, "कापून मोकळं व्हावं. नाकाचं काय एवढं?"

"तुमचं काम काचेशी आहे," ताई म्हणाली. "काच तुमच्या तोंडाकडे बघत नाही. माझं सगळं काम समोरच्याच्या तोंडासमोर तोंड धरून आहे. माझ्या नाकावर चष्मा बसला नाही आणि समोरच्याला माझ्याकडे बघवलं नाही, तर मी करू काय दिवसभर? तुमचा रेडिओ ऐकू?"

दुसरा रस्ता त्या डॉक्टर बाईंनीच दाखवला. त्यांच्याकडे एक यंत्र होतं. कातडीवर टेकवलं की न कापता आतलं चित्र पडद्यावर दाखवायचं, गाठ किती पसरलीय, किती खोल गेलीय ते कळायचं. चित्र बघून तेवढाच भाग लेझरने जाळायचा, लगेच पुन्हा चित्र घ्यायचं, काही उरलं असेल तर पुन्हा लेझर. "पण ऐका," त्या म्हणाल्या. "गाठ खोल असेल तर मी हात लावणार नाही. आणि ही पद्धत नवी आहे, सर्जरीइतकी जुनी खात्री माझ्याकडे नाही. तपासायला यावंच लागेल. वारंवार उगवली तर शेवटी सुरी."

पडद्यावर गाठ उथळ निघाली. भाऊजी तरी कुरकुरत होते, नसते प्रयोग, नसती थेरं. ताईने शांतपणे चष्मा पुसला. "नाक माझं आहे," ती म्हणाली. "घाबरायचं तर तुम्ही खुशाल घाबरा, पण ठरवणार मी." भाऊजी मागच्या खोलीत गेले आणि मशीन विनाकारण चालू केलं. मला वाईट वाटलं त्यांचं. बिचारे घाबरले होते, आणि त्यांना घाबरलोय असं म्हणता येत नाही.

लेझरच्या दिवशी मला आत बसू दिलं. डोळ्यांवर जाड काळा चष्मा, कोपऱ्यात खुर्ची, आणि कशालाही हात न लावण्याची तंबी. ताईच्या डोळ्यांवर धातूच्या वाट्या घातल्या होत्या, तिला काहीच दिसत नव्हतं, आणि याचाच तिला जास्त राग आला होता. नाकात सुई टोचली तेव्हा ती हूं की चूं करेना, पण वाट्या घालताना कटकट केली. "मला बघायचं होतं," ती म्हणाली. मग माझ्या दिशेने, "तू बघ. जे दिसेल ते सांग. गोड करून सांगू नकोस."

डॉक्टर बाईंनी यंत्राचं तोंड तिच्या नाकावर टेकवलं. पडदा करडा झाला, आणि त्या करड्यात त्यांनी मला बोटाने दाखवलं, हे पुंजके बघा, हे नको आहेत. एकदा दाखवल्यावर मलाही दिसायला लागले. मी सांगितलं, "ताई, साबुदाण्यासारखे आहेत. बरेच आहेत."

मग लेझर सुरू झाला. तडतड आवाज, आणि केस जळल्यासारखा वास. ताईची बोटं खुर्चीच्या हातावर स्क्रू पिळल्यासारखी फिरत होती, अगदी बारीक, तिच्या नकळत. डॉक्टर बाईंनी जागा पुसली, पुन्हा यंत्र टेकवलं.

"सांग," ताई म्हणाली.

"कडेला दोन आहेत अजून."

"मग थांबलात का?"

डॉक्टर बाई हसल्या आणि पुन्हा लेझर धरला. पुन्हा पुसलं, पुन्हा चित्र. या वेळी पडदा नुसता करडा होता. मी डोळे फाडून बघितलं. "काही दिसत नाही," मी म्हटलं, आणि मला रडू आलं. ताई वाट्यांखालूनच म्हणाली, "दिसत नाही म्हणजे नाही की रडतेस म्हणून दिसत नाही?"

"काही उरलेलं नाही," डॉक्टर बाई म्हणाल्या. "तीन महिन्यांनी पुन्हा बघू. तोवर उन्हात नाक झाकायचं आणि चष्म्याचं पॅड तिथे टेकवायचं नाही."

पॅड टेकवायचं नाही, आणि चष्म्याशिवाय ताईला स्वतःचा हात दिसत नाही. आता आली का पंचाईत. भाऊजींनी संधी साधली. म्हणाले, "बरंच झालं. जखम भरेपर्यंत तू मागच्या खोलीत बस. पुढे ही बघेल. गिऱ्हाइकंही बिचकणार नाहीत."

ताईने माझ्याकडून केसांचा पट्टा मागून घेतला. एका जुन्या फ्रेमचं डावं पॅड काढून टाकलं, दोन काचांमधल्या पुलाला दोरा बांधला, तो वर नेऊन कपाळावरच्या पट्ट्याला अडकवला. चष्मा कपाळावरून टांगला गेला, नाकाला न शिवता. खाली लालभडक जखमेवर मलम. दिसत होती अगदी बुजगावणं. मला हसू आवरेना. मग ती पुढच्या खोलीत आली, स्टूल ओढलं आणि बसली.

त्या दिवसांत मी माणसं बघितली. कुणी दारातून आत येऊन तसंच मागे फिरलं. कुणी फ्रेम बघता बघता ताईचं तोंड चोरून बघायचं. एक बाई खुर्चीत बसल्यावर मागे मागे सरत म्हणाली, "हे लागट तर नाही ना?"

"बघितलं की लागतं," ताई म्हणाली. "म्हणून तोंडाकडे नका बघू, आरशात बघा."

बाई उठायलाच लागली. मग मलाच सांगावं लागलं, "अहो, लागट नाही. कॅन्सर असा लागत नाही कुणाला. बसा." ती बसली, पण मान फिरवूनच बसली. ती गेल्यावर मी तोंडाचा पट्टा सोडला, नाही नाही ते बोलले. ताई पक्कड पुसत होती. म्हणाली, "मला वाईट वाटतं गं. वाटत नाही असं समजू नकोस. पण मी मागे गेले ना, तर पुन्हा पुढे येणार नाही. मला माहीत आहे मी कशी आहे ते."

जखम भरली. त्या जागी गुलाबी, थोडी खोलगट चकती राहिली. तपासणीचा दिवस जवळ आला तशी ताई आरशासमोर जास्त रेंगाळायला लागली. आणि तपासणीच्या आदल्या दिवशी तो बसड्रायव्हर दुकानात आला.

"पॅड बदलून द्या," तो म्हणाला. "पुन्हा घासतंय."

त्याच्या नाकावर उजव्या बाजूला व्रण तसाच होता. ताईचा चेहरा उतरला. तिने त्याचा चष्मा हातात घेतला, बराच वेळ नुसता धरून ठेवला. "मी तुम्हाला सांगितलं होतं की काही नाही," ती म्हणाली. "ते मला माहीत नव्हतं. मला माझंही माहीत नव्हतं. हे बघा." आणि स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं. "उद्या मी डॉक्टरकडे जातेय. तुम्ही बरोबर चला."

"उद्या माझी ड्युटी आहे."

"रजा टाका."

"पॅडसाठी?" तो चिडला. "तुम्हाला झालं म्हणून सगळ्यांना झालं काय? उगाच माणसाला घाबरवता. द्या चष्मा इकडे, दुसरीकडे जातो."

ताईने चष्मा खणात टाकला, किल्ली फिरवली आणि मुठीत धरली. मी दुकानात इतकी वर्षं आहे, गिऱ्हाइकाची वस्तू आम्ही अशी कधी अडवली नव्हती. "मला झालं म्हणून मला कळलं," ती म्हणाली. "कळल्यावर गप्प बसू? नाही बसणार. पोलिसाला बोलवा हवं तर. चष्मा उद्या हॉस्पिटलात मिळेल." भाऊजी मागच्या दारात येऊन उभे राहिले होते. मला वाटलं आता ते मधे पडणार. ते ड्रायव्हरला म्हणाले, "जा हो. ती ऐकणार नाही. मी सांगून दमलोय." ड्रायव्हर डोळे बारीक करत, शिव्या पुटपुटत पायऱ्या उतरला. संध्याकाळची गाडी त्याला सोडावी लागणार होती, तेही बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला. येणार नाही तर करतो काय, चष्मा ताईच्या पिशवीत होता. सगळा वेळ आमच्याकडे पाठ करून बसला. ताईने त्याला आपल्या आधी आत पाठवलं. थोड्या वेळाने डॉक्टर बाई त्याच्याबरोबर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "यांना काही नाही. खरंच नुसतं पॅड आहे."

ड्रायव्हरने दोन्ही हात पसरले. "ऐकलंत? पॅड. दोन दिवसांची ड्युटी घालवलीत माझी. पॅड."

ताई बाकावर बसली आणि रडायला लागली. निदान झालं तेव्हा ती रडली नव्हती, लेझरच्या दिवशी नाही, ती बाई मान फिरवून बसली तेव्हाही नाही. आता हुंदके देऊन रडत होती आणि मधेच म्हणत होती, "पॅडच आहे. बरं झालं, पॅडच आहे." ड्रायव्हरचे हात खाली आले. बाईमाणूस त्याच्या नाकासाठी रडतंय म्हटल्यावर तो बिचारा काय बोलणार. मी पिशवीतून त्याचा चष्मा काढून त्याच्या हातात दिला आणि ताईला आत नेलं.

पडदा पुन्हा करडा झाला. ताईच्या डोळ्यांवर अजून वाट्या नव्हत्या, पण मान वळवता येत नव्हती. "सांग," ती म्हणाली.

मला दिसला. चकतीच्या कडेला, एकच पुंजका. मी डॉक्टर बाईंकडे बघितलं. त्यांनीच सांगितलं. राहिलंय किंवा पुन्हा उगवलंय. लहान आहे, वरवर आहे. आजच लेझरने काढता येईल, किंवा सर्जनकडे. आणि यानंतरही दिसलं तर मात्र लेझरचा हट्ट धरायचा नाही.

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. त्या पडद्याचा, त्या पुंजक्याचा, एवढं सगळं करूनही पुन्हा तिथेच आणून ठेवणाऱ्या नशिबाचा. ताईची बोटं पुन्हा खुर्चीच्या हातावर स्क्रू पिळायला लागली.

"पुन्हा दिसलं तर सुरी," ती म्हणाली. "कबूल. टांगून चष्मा घालता येतो हे मला आता माहीत आहे. नाक कसंही झालं तरी मी स्टुलावर बसणार. आज लेझर. आणा त्या वाट्या."

तडतड, वास, पुसणं, चित्र. मी या वेळी रडले नाही. बघून बघून, डॉक्टर बाईंना दोनदा विचारून मग सांगितलं, "आत्ता काही नाही, ताई."

"आत्ता पुरे," ती म्हणाली.

बाहेर आलो तेव्हा तिच्या नाकावर पुन्हा पट्टी होती आणि चष्मा पुन्हा कपाळावरून टांगलेला. बाकावर ड्रायव्हर बसला होता. मला वाटलं, हा पुन्हा भांडायला थांबलाय की काय. चष्मा त्याच्या नाकावर होता. त्याने ताईच्या पट्टीकडे बघितलं, मग जमिनीकडे. म्हणाला, "माझं पॅड राहिलंय."

ताईने पिशवीतून बारका स्क्रू ड्रायव्हर काढला. कॉरिडॉरमधली एक खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली, त्याचा चष्मा काढून पॅड ढिलं केलं, कोन बदलला, परत त्याच्या नाकावर ठेवला. दोन्ही अंगठे त्याच्या कानामागे नेले आणि तोंडाशी तोंड आणलं. तो खालीच बघत होता.

"खाली बघितलं तर मला पॅड कळत नाही," ताई म्हणाली. "समोर बघा. माझ्याकडे."

त्याने मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं. तिने पॅड बसवलं.